एका लाईटीची गाडी

आमच्या भागात माणसाला काय दुखतंय-खुपतंय हे कुणी विचारणार नाही, पण गाडीची लाईट दिवसा चालू दिसली की ओळख ना पाळख, समोरचा हात वर करून सांगणारच. पाची बोटं उघडायची, मिटायची, परत उघडायची. वर तोंडानं ओरडायचं, "ओ मावशी, लाईट!" मी निरगुडसरहून मंचरला रोज सकाळी दुधाचा रतीब घालायला जायचे आणि जाताना-येताना ही बोटं बघून माझं डोकं उठायचं.

बरं, ती लाईट काही मी लावलेली नव्हती. या नव्या मोटरसायकलींना लाईट बंद करायचं बटणच नसतं. इंजिन चालू झालं की लाईट चालू, मग दुपारचं टळटळीत ऊन का असेना. समोरच्याला गाडी लांबून दिसावी म्हणून सरकारनंच तसा नियम केलाय म्हणे. आमच्या मालकांनी गाडी हौसेनं घेतली तेव्हा त्यांनाही लोक हात दाखवायचे. ते हसायचे, आपणही तशीच बोटं करून दाखवायचे आणि पुढं जायचे. पुढं मालक गेले आणि गाडी माझ्याकडं आली. लेक म्हणाली, आई, स्कुटी घे. म्हटलं, स्कुटीला दुधाचे कॅन काय तुझ्या गळ्यात अडकवू?

मालकांना लोक नुसता हात दाखवायचे. मला हात दाखवून वर शिकवणी. "ताई, लाईट चालूये, बॅटरी उतरंल." "मावशी, चावीजवळ बघा, बटन आसंल." एकजण तर गाडी आडवी घालून थांबला आणि माझ्या हँडलवर बटण शोधायला लागला. सापडलं नाही तेव्हा माझ्याकडंच संशयानं बघून निघून गेला.

घरी आम्ही दोघंच, मी आणि मामा. मामा म्हणजे माझे सासरे. लेक पुण्याला दिलीय, धाकटे दीर त्यांच्या बायकोबरोबर आळ्याला राहतात. आमचं घर गावात नाही, मळ्यात, कालव्याच्या पलीकडं. चारी बाजूंनी ऊस. उसात बिबट्या असतो, आम्ही त्याला वाघच म्हणतो, त्यामुळं घराला आणि गोठ्याला मिळून जाळीचं कुंपण आणि पुढं लोखंडी गेट. ते गेट दिवसासुद्धा बंद ठेवावं लागतं. त्याचं एक बिजागर खचलंय, उघडायचं तर खालून उचलून रेटावं लागतं. दोन्ही बाजूंना कॅन लावलेली गाडी घेऊन एकट्या माणसाला ते जिवावर येतं.

पण मला ते कधी करावं लागलं नाही. मामा उघडायचे.

मामांना ऐकू येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. लेकीनं कानाची मशीन आणून दिली होती, ती शिट्टी मारते म्हणून त्यांनी कपाटात ठेवली. टीव्ही नुसता बघायचे, तोही अगदी पुढ्यात बसून. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे कानाशी तोंड नेऊन ओरडायचं, आणि ओरडून ओरडून माणूस किती बोलणार? "चहा घ्या." "गोळी घेतली का?" "जेवायला चला." एवढ्यात आमचा दिवस उरकायचा. बाकी माझं बोलणं गाईंशी. गाई मान हलवतात तरी.

पण माझी गाडी कालव्याच्या पुलावर चढली की मामा बाजेवरून उठायचे. पुलापासून गेटापर्यंत सरळ रस्ता आहे, दोन्ही अंगांना ऊस; तोच रस्ता गेटावरून पुढच्या वस्तीवर जातो. मी गेटाशी पोचेपर्यंत गेट पुरतं उघडलेलं असायचं आणि मामा एका बाजूला काठी धरून उभे. मी पाय न टेकता सरळ आत. मंचरला रतिबाच्या दारोदारी मी हे कौतुकानं सांगायचे. "आमच्या मामांना ढग गडगडला तरी पत्ता लागत नाही, पण सुनेच्या गाडीचा आवाज बरोबर ऐकू येतो. हजार गाड्यांतून माझी ओळखतील!" बायका म्हणायच्या, "नशीबवान आहेस बाई." गावातही सांगायचे, भाऊबंदांतही सांगायचे, मामांच्या देखत, त्यांच्या कानाशी ओरडूनही सांगायचे. मामा नुसते खाली बघून हसायचे.

खरं सांगते, दिवसभरात मला तेवढंच एक बरं वाटायचं. मालक गेल्यावर घर खायला उठायचं. लेक दर फोनला म्हणायची, कुलूप लाव आणि पुण्याला ये, आजोबांना काका नेतील. मी म्हणायचे, घरी माझी वाट बघणारं माणूस आहे तोवर मी कुठं येत नाही. त्या गेटावर माझं तिथलं राहणं अडकलेलं होतं म्हणा ना.

एक दिवस मंचरच्या बाजारात चहाच्या गाड्यापाशी थांबले होते. गाडी चालूच होती, कॅन उतरवत होते. आमच्याच भावकीतले एक वयस्कर गृहस्थ चार माणसांत मोठ्यानं म्हणाले, "बाईमाणसानं गाडी चालवावी, आमचं काय म्हननं न्हाई. पन निदान लाईटीचं बटन कुठं आसतं तेवढं तरी शिकून घ्यावं!" सगळे खो-खो हसले. चहावालाही हसला, ज्याला मी रोज दूध घालते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तशीच गेले ती स्टँडच्या मागं. तिथं गाड्यांचं वायरिंग करणारे एक चाचा बसतात. म्हटलं, ही लाईट बंद करा. ते म्हणाले, "ताई, कंपनीनंच तशी दिलीय. कायद्यात न्हाई बसत. लोकांना सांगा की आसं आसं हाय."

"चाचा, लोकांना सांगून सांगून माझा घसा बसला. बटण बसवा."

"पोलिसानं धरलं तर?"

"पोलिसानं तरी एकदाच सांगितलं असतं. हे रोज सांगतात."

त्यांनी हसत हसत दिव्याची वायर काढली आणि डाव्या हँडलच्या खाली एक छोटं काळं बटण बसवून दिलं. "पावसात, धुक्यात तरी चालू करत जा, माझी शपथ हाय," म्हणाले. मी हो म्हटलं आणि लाईट बंद करून ताठ मानेनं घराकडं निघाले. वाटेत एकाचाही हात वर झाला नाही. म्हटलं, जिंकलं बाई.

पुलावर चढले, उसातून आले, तर गेट बंद. मामा बाजेवर बसलेले, तोंड रस्त्याकडं. मी गाडी स्टँडला लावली, खाली वाकून गेट उचललं, रेटलं, गाडी आत घेतली, परत येऊन कडी लावली. मी अंगणात आले तेव्हा मामांनी मान वर केली. "आलीस व्हय?" एवढंच.

म्हटलं, डोळा लागला असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी गेटाबाहेरून हॉर्न वाजवला, दाबून धरला. मामा ढिम्म. रस्त्याकडं बघतायत, पण उठत नाहीत. मला वाटलं, अस्सं! म्हणजे हे रुसलेत. आदल्याच आठवड्यात दीर येऊन त्यांच्या कानात ओरडून गेले होते की वैनींना लेक पुण्याला बोलावतीय, त्या गेल्या तर तुम्हाला आळ्याला यावं लागंल. तेव्हा मामा काही बोलले नव्हते. मला वाटलं, तो राग आता गेटावर निघतोय. ऐकून न ऐकल्यासारखं करतायत.

मग मीही कुणाची कमी नाही. मीही अबोला धरला. चहाचा कप बाजेजवळ आपटायचा, ताट ठेवायचं आणि निघून जायचं. आधीच चार शब्दांचं घर, तेही गेले. माझं मलाच रडू यायचं, आणि रडू आलं की आणखी राग यायचा. वाटेतसुद्धा आता कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. लाईट बंद, हात बंद. मंचरपासून घरापर्यंत एक माणूस माझ्याशी बोलायचा नाही. ज्या "ओ मावशी"चा मला वीट आला होता, ती नसताना रस्ता लांब वाटायला लागला. हे मी कुणाला बोलून दाखवलं नसतं.

त्यात एक नवीनच सुरू झालं. मी यायचे तर कधीकधी गेट अर्धवट उघडं असायचं आणि मामा बाजेवर धापा टाकत बसलेले. अबोला होता, मीही विचारलं नाही. एक दिवस आले तर गेट सताड उघडं, माझी कालवड रस्त्यावर, उसाच्या तोंडाशी.  कालवड हाकलून आत आणली आणि मामांच्या कानाशी जाऊन सगळा मळा ऐकेल अशी ओरडले, "गेट उघडं टाकून बसलात! वाघ काय लांब आहे का? ते वासरू नेलं असतं म्हणजे?"

 मामांनी गेटाकडं बघितलं. "लावायचं राह्यलं," म्हणाले.

त्या संध्याकाळी मी दिरांना फोन केला. म्हटलं, भाऊजी, मामांचं आता काही खरं नाही. गेट उघडं टाकतात, भान राहत नाही, मी इथं एकटी किती बघू? मग लेकीला फोन केला. म्हटलं, येते. ती आनंदानं किंचाळली. मी फोन ठेवला आणि गोठ्यात गाईंपाशी जाऊन बसले.

दीर गाडी घेऊन आले. मामांनी आपलं धोतर-बंडीचं गाठोडं स्वतःच बांधलं होतं. गाडीत बसताना एकदम थांबले आणि मला म्हणाले, "गेट कोन उघडंल?"

"मीच उघडते की रोज! तुम्ही कुठं उघडता?" मी ओरडले. ओरडायचं कारण म्हणजे त्यांना ऐकू येत नाही, पण नुसतं तेवढंच नव्हतं. त्यांना ऐकू आलं. ते गाडीत बसले आणि काच वर गेली.

मग मळ्यात मी एकटी. एकटेपण मला नवं नव्हतं, पण तोवर ते दोघांचं होतं. आता दुपारी घरी यायचं, गेट उचलायचं, रेटायचं, आणि आत रिकामी बाज. तिच्यावर कोंबड्या बसायच्या. मी एका ताटात वाढून घ्यायचे आणि दुसरं ताट चुकून खाली काढलेलं परत मांडणीवर ठेवायचे. गाईंना गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली. टीव्हीचा आवाज मोठा करून ठेवायचे, निदान बोलतंय कुणीतरी म्हणून.

पुण्याला जायचा दिवस ठरला तेव्हा दिसलं की मामांची घोंगडी राहिलीय. थंडी पडायला लागली होती. म्हटलं, देऊन येऊ आणि भेटूनही येऊ. मनात राग होताच, पण मोठ्या माणसाला न सांगता घर बंद करून जायचं हे काही बरं नव्हतं.

घोंगडी मागच्या सीटला बांधली आणि दुपारी आळ्याला पोचले. दिरांचं घर नगरकडं जाणाऱ्या हायवेला अगदी लागून. गाड्यांची ही वर्दळ. मला रस्ता ओलांडायला जागा मिळेना म्हणून पलीकडं एका पंक्चरच्या दुकानापाशी गाडी बंद करून उभी राहिले. समोर ओट्यावर मामा खुर्चीत बसलेले दिसले. एवढ्या दिवसांत वाळले होते.

मी बघत होते, तेवढ्यात मामा उठले. काठी टेकत ओट्याच्या पायऱ्या उतरले, रस्त्याच्या कडेपर्यंत आले, उभे राहिले. एक मोटरसायकल भर्रकन त्यांच्यासमोरून निघून गेली. मामा वळले, पायऱ्या चढले, बसले. दम खाल्ला. एक ट्रक गेला, एसटी गेली, ते बसूनच. मग परत एक मोटरसायकल लांबून आली, आणि मामा परत उठले.

मी रस्ता ओलांडून मागच्या दारानं जावेकडं गेले. ती भांडी घासत होती. माझा चेहरा बघून म्हणाली, "बघितलं ना, आक्का? दिसभर आसंच चाललंय. पाय सुजल्यात, पन आयकत न्हाईत. ट्रक आला, कार आली तर हालत न्हाईत. एका लाईटीची गाडी दिसली का उठलेच! म्हनत्यात, सून आली, गेट उघडाय पायजे. आवं, इथं गेट हाय का?"

मी तिच्या दारातच खाली बसले.

आवाज नाही. कधीच आवाज नव्हता. पुलावर लाईट दिसायची, आणि ते उठायचे. कान तर गेलेलेच होते, नजरही अधू, पण उसाच्या रस्त्यावरून समोर येणारा एक उजेड त्यांना दिसायचा. तो मी चारचौघांत हसू झालं म्हणून बटण बसवून बंद करून टाकला. आणि मामा मात्र पुढच्या वस्तीवरच्या पोरांच्या गाड्यांना उठत राहिले. गेट उचलायचे, रेटायचे, गाडी न वळता पुढं निघून जायची. मग ती लाईटीची गाडी माझी नव्हती म्हणून परत येऊन बसायचे. आणि मी खरोखर यायचे तेव्हा माझ्या गाडीला उजेडच नसायचा.

जाऊ विचारत होती, आक्का, काय झालं, पाणी देऊ का? मी उठले. परत रस्ता ओलांडला, पंक्चरवाल्यापाशी गेले, गाडी चालू केली. डाव्या हँडलखालचं काळं बटण दाबलं. आळेफाट्याच्या बाजूला बरंच मागं गेले, वळले, आणि रस्त्याच्या कडेकडेनं सावकाश घराकडं यायला लागले. समोरून येणाऱ्या एकानं बोटं उघडमीट केली. दुसरा ओरडला, "मावशी, लाईट!" मला समोरचं नीट दिसत नव्हतं, डोळे भरले होते.

मामा खुर्चीतून उठले. पायऱ्या उतरले. कडेला येऊन उभे राहिले आणि एक हात पुढं करून हवेत कडी चाचपडायला लागले. मी गाडी बरोबर त्यांच्यापुढं थांबवली. त्यांनी लाईटीकडं बघितलं, मग माझ्याकडं वाकून बघितलं.

"आज लई उशीर केलास, पोरी."

जाऊ आणि दीर ओट्यावर येऊन बघत होते. मी घोंगडी सोडली, मामांच्या खांद्यावर टाकली आणि त्यांच्या कानाशी ओरडले, "बसा मागं." दीर म्हणाले, वैनी, आवो आता पुण्याला जायचं ना तुमाला? म्हटलं, भाऊजी, ते नंतर बघू. गाठोडं मागनं पाठवून द्या.

सगळ्या वाटेनं मामा मला धरून बसले होते. लाईट चालू. नारायणगावच्या गर्दीत एक पोरगा शेजारी गाडी आणून म्हणाला, "मावशी, लाईट चालूय." म्हटलं, "माहितीये बाबा. तुझं भलं होवो." तो घाबरूनच पुढं पळाला.

पुलावरून उतरून उसातून गेटापाशी आलो. ऊन कलायला लागलं होतं. गेट बंद होतं, उघडणारं माणूस माझ्या पाठीमागं बसलेलं. मी पाय टेकले आणि मान मागं वळवून इतक्या दिवसांचं एकदाचं ओरडून विचारलं, "मामा, सांगायचं तरी! गाडी ऐकू येत नाही, उजेड बघून उठतो म्हणून! तोंड नव्हतं का?"

मामा उतरत होते. उतरून काठी नीट धरली.

"आगं, तू समद्यांला सांगायचीस," ते म्हणाले. "मामांना माझ्या गाडीचा आवाज वळखू येतो म्हनून. लई खूश व्हऊन सांगायचीस. मग कसं सांगायचं?"

मग त्यांनी वाकून गेट उचललं. मी हात लावायला गेले तर नको म्हणून हात झटकला. गेट पुरतं उघडून बाजूला उभे राहिले. मी गाडी आत घेतली. त्यांनी गेट ओढलं, कडी लावली आणि ती नीट लागलीय का म्हणून दोनदा हलवून बघितली.